कुठला व्हिसा कशासाठी? फिरायला, शिकायला, कामाला आणि राहायला

'सोपा व्हिसा कुठल्या देशाचा?' हा प्रश्न सतत कानावर येतो आणि त्याचं उत्तर देणारेही भरपूर भेटतात. पण व्हिसा अधिकारी अर्ज उघडतो तेव्हा त्याच्या डोक्यात वेगळेच प्रश्न असतात. हा माणूस कशासाठी येतोय, खर्च कोण करणार, आणि काम झाल्यावर परत जाणार का? अमेरिकेचा पर्यटकांसाठीचा बी-२, ऑस्ट्रेलियाचा विद्यार्थ्यांसाठीचा सबक्लास ५००, जर्मनीचं नोकरी शोधणाऱ्यांसाठीचं चान्सनकार्ट ही सगळी नावं या तीन प्रश्नांच्या वेगवेगळ्या उत्तरांना दिलेली आहेत. म्हणून इथे देश एकेक करून न घेता येण्याची कारणं एकेक करून घेऊ.

अर्जात नसलेला एक चौथा प्रश्न मात्र आपला आपण विचारायचा असतो: या व्हिसावरून पुढे कुठे जाता येतं? काही व्हिसांना पुढची वाट असते. काहींची मुदत संपली की सामान बांधायचं, दुसरा पर्याय नाही. सुरुवातीला हे न पाहिल्यामुळे माणसं जितकी अडकतात, तितकी कागद कमी पडल्यामुळे अडकत नाहीत.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही

व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत येण्याची परवानगी. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवस, हे बहुतेक ठिकाणी इमिग्रेशन काउंटरवर ठरतं. अमेरिकेत हा फरक अगदी उघड दिसतो. तिथला पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा असू शकतो. पण प्रत्येक खेपेला किती राहायचं ते आय-९४ नावाच्या नोंदीत लिहिलेलं असतं आणि पर्यटकाला साधारणपणे सहा महिने मिळतात. पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख पाहून निवांत राहिलेला माणूस आय-९४ ची तारीख ओलांडून बसतो. तसं बेकायदा राहणं १८० दिवसांच्या वर गेलं आणि मग तो देशाबाहेर पडला तर तीन वर्षांची प्रवेशबंदी लागू शकते. एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षांची.

'आम्हाला व्हिसा लागत नाही' हेही आता अर्धंच खरं आहे. व्हिसामाफी असलेल्या देशांच्या नागरिकांना अमेरिकेसाठी २००९ पासून ईएसटीए आणि कॅनडासाठी २०१६ पासून ईटीए हे ऑनलाइन मंजुरीपत्र आधी घ्यावं लागतं. ब्रिटननेही ईटीए सुरू केलं आहे. ते नसेल तर विमान कंपनी चेक-इनलाच थांबवते, कारण असा प्रवासी नेला तर परत आणण्याचा भार तिच्यावर पडतो आणि अनेक देशांत दंडही होतो.

विमान बदलण्यापुरतं उतरणाऱ्यांनाही हे लागू आहे. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशन पार करावंच लागतं, म्हणजे व्हिसा किंवा व्हिसामाफी असेल तर ईएसटीए हवंच. स्वस्त तिकीट घेण्याआधी मधला थांबा कुठे आहे ते बघा.

फिरायला

पर्यटक व्हिसात एकच गोष्ट पटवून द्यायची असते: मी परत जाणार आहे. अमेरिकेचा कायदा याची सुरुवात अविश्वासापासून करतो. कलम २१४(बी) सांगतं की अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालायचं आणि तसं नाही हे सिद्ध करणं अर्जदाराचं काम. म्हणून वकिलातीतल्या मुलाखतीत खिडकीपलीकडून नोकरी काय, घरी कोण, आधी कुठे जाऊन आलात असे प्रश्न येतात आणि दोन-तीन मिनिटांत निकाल लागतो. सोबत नेलेली जाडजूड फाइल बऱ्याचदा उघडलीही जात नाही. डीएस-१६० अर्जात लिहिलेलं आणि तोंडाने सांगितलेलं जुळतंय का, याकडे सगळं लक्ष असतं.

युरोपातला शेंगेन व्हिसा याच्या अगदी उलट, सगळा कागदांवर चालणारा. १९८५ मध्ये लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी हटवण्याचा करार केला. आज त्यात २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रोमानिया २०२५ च्या सुरुवातीला पूर्णपणे आत आले. एक व्हिसा घेतला की सगळीकडे फिरता येतं, पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा ते आपण ठरवत नाही. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा, आणि दिवस सारखेच असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. 'अमुक वकिलात पटकन देते' म्हणून तिकडचं हॉटेल बुक करायचं, व्हिसा घ्यायचा आणि मग भलतीकडेच फिरायचं, असा उद्योग बरेच जण करतात. पुढच्या अर्जाच्या वेळी पासपोर्टवरचे शिक्के त्याची चुगली करतात. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी ईईएस ही संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. तिथे दिवस मोजायला माणूस लागत नाही.

शेंगेनचा स्टिकर हातात आला की त्यावरचे तीन रकाने नीट वाचा. पहिल्यात कधीपासून कधीपर्यंत व्हिसा वैध आहे ते असतं. दुसऱ्यात किती वेळा आत येता येईल ते, आणि तिसऱ्यात एकूण किती दिवस राहता येईल ते. वैधता ३० दिवसांची आणि मुक्काम १५ दिवसांचा, असं सर्रास असतं. म्हणजे त्या ३० दिवसांत केव्हाही जा, पण राहायचं १५ च दिवस. आणि प्रवेशाच्या रकान्यात एकच लिहिलं असेल तर मध्येच दोन दिवस लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला येता येत नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे तिकडे गेलात की तुमचा एकमेव प्रवेश संपला.

अनेक प्रवेशांचा लांब मुदतीचा व्हिसा असेल तर ९०/१८० चा नियम येतो: कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. घरी जाऊन आलं की मोजणी शून्यावर येते असा समज आहे, तो चुकीचा. समजा, तुम्ही १ मार्च ते ३० मार्च तिथे होतात. झाले ३० दिवस. मग १ जूनला पुन्हा गेलात, तर ६० दिवस उरलेत, म्हणजे ३० जुलैपर्यंत निघायला हवं. पुढचा प्रवेश केव्हा? मार्चचे दिवस १८० दिवसांच्या चौकटीतून बाहेर पडायला लागतात २८ ऑगस्टपासून. त्याआधी एक दिवससुद्धा शिल्लक नाही. मोजताना आल्याचा आणि गेल्याचा असे दोन्ही दिवस धरायचे.

बँक स्टेटमेंटबद्दलही थोडं. शेवटची शिल्लक मोठी दिसली की काम झालं, असं नसतं. अधिकारी सहा महिन्यांचा ओघ बघतो. पगार दरमहा येतोय का, खर्च त्या मानाने आहे का, आणि अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक मोठी रक्कम कुठून आली? नातेवाइकाने खरंच मदत केली असेल तर तसं पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट जोडा. लपवाछपवीपेक्षा ते बरं.

पर्यटक व्हिसावर लॅपटॉप उघडून आपल्याच कंपनीचं काम केलं तर? बऱ्याच देशांचे नियम यावर अजून संदिग्ध आहेत. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून स्पष्ट केलं: फिरायला आलेल्याने परदेशातल्या आपल्या नोकरीचं काम दूरस्थपणे केलं तर चालेल, पण येण्याचं मुख्य कारण ते नसावं. तिथल्या कंपनीसाठी काम करणं मात्र कुठल्याच पर्यटक व्हिसावर चालत नाही, मग पैसे कुठल्याही खात्यात येवोत.

शिकायला

इथे क्रम ठरलेला आहे. आधी प्रवेश, मग पैशाचा पुरावा, मग व्हिसा. विद्यापीठाने दिलेला कागद हा अर्जाचा पाया असतो. अमेरिकेत त्याला आय-२० म्हणतात, ब्रिटनमध्ये सीएएस, ऑस्ट्रेलियात सीओई. कॅनडात कॉलेजचं पत्र पुरत नाही. २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना प्रांताचं पत्रही लागतं, कारण किती विद्यार्थी घ्यायचे याचा कोटा प्रांतवार ठरतो.

पैशाच्या पुराव्यात किरकोळ चुकीने अर्ज जातात. ब्रिटनचा नियम असा की ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे. सत्तावीस दिवस रक्कम पुरेशी आणि एका दिवशी थोडी कमी, तरी नकार येऊ शकतो. जर्मनीची पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते. वर्षाच्या खर्चाची रक्कम, २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो, 'श्पेअरकोंटो' म्हणजे गोठवलेल्या खात्यात आधीच भरायची आणि तिथे पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो काढता येतात. पैसे तुमचेच, पण एकदम हात लावता येत नाही. दाखवण्यापुरते उसने आणलेले पैसे इथे चालत नाहीत.

शिकता शिकता काम करता येतं, पण मापात. ब्रिटनमध्ये पदवी स्तरावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, कॅनडात कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. अमेरिकेत कॅम्पसवर २० तास, आणि बाहेर काम करायचं तर वेगळी परवानगी. या तासांच्या कमाईतून किराणा आणि भाड्याचा काही भाग निघेल. फी निघेल असं कोणी सांगत असेल तर त्याचा हेतू तपासा.

खरा प्रश्न पदवीनंतरचा. अमेरिकेत ओपीटी या पदवीनंतरच्या परवानगीवर १२ महिने काम करता येतं, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या शाखांना आणखी २४ महिने. कॅनडात अभ्यासक्रमाच्या लांबीनुसार आठ महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. पण तिथे कॉलेजला विद्यार्थी घ्यायची मान्यता असली म्हणून पदवीनंतरचं वर्क परमिट मिळेलच असं नाही. ती यादी वेगळी आहे आणि नोव्हेंबर २०२४ पासून भाषेची अट, काही अभ्यासक्रमांना शाखेचीही अट लागली आहे. जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

या आश्वासनांवर किती विसंबायचं, याचा अंदाज ब्रिटनकडे बघून येतो. पदवीनंतर दोन वर्षं काम करण्याची तिथली सोय २०१२ मध्ये बंद झाली. २०२१ मध्ये ग्रॅज्युएट रूट म्हणून ती परत आली. आता १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना पीएचडी वगळता १८ महिनेच मिळणार आहेत. जोडीदाराला सोबत नेण्याची मुभाही जानेवारी २०२४ पासून संशोधनाच्या अभ्यासक्रमांपुरतीच उरली. म्हणजे तीन वर्षांचा अभ्यासक्रम घेताना आजच्या नियमावर कर्जाचं गणित मांडलं, तर उत्तर चुकण्याची तयारी ठेवावी.

कामाला

नोकरीच्या बहुतेक व्हिसांमध्ये अर्जाची सुरुवात तुम्ही करत नाही, कंपनी करते. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी कंपनीकडे सरकारी स्पॉन्सर लायसन्स लागतं आणि अशा कंपन्यांची यादी सगळ्यांना पाहता येते. ऑफर लेटर हातात आलं की पहिलं काम म्हणजे त्या यादीत नाव शोधणं. ते फुकट असतं, पाच मिनिटांत होतं, आणि बहुतेक फसवणुका तिथेच उघड्या पडतात.

अमेरिकेचा एच-१बी, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा व्हिसा, सगळ्यांना तोंडपाठ आहे. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतल्या विद्यापीठातून मास्टर्स किंवा त्यापुढे शिकलेल्यांसाठी २०,००० अशी मर्यादा. अर्ज त्याहून कितीतरी जास्त येतात, म्हणून निवड होते. एकदा तीन वर्षं, एकूण सहा. १९ सप्टेंबर २०२५ ला राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने देशाबाहेरून होणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर भरण्याची अट आली आणि दोनच दिवसांत ती लागू झाली. व्हिसाचं धोरण किती पटकन पालटू शकतं हे त्या दोन दिवसांत सगळ्यांनी पाहिलं.

एच-१बीचं खरं वैशिष्ट्य मात्र वेगळंच आहे. वर सांगितलेलं २१४(बी) चं गृहीतक त्याला लागू होत नाही. एच-१बी किंवा कंपनीअंतर्गत बदलीचा एल-१ असलेला माणूस तात्पुरता कामाला आलोय असंही म्हणू शकतो आणि त्याच वेळी ग्रीन कार्डाचा अर्जही करू शकतो. विद्यार्थ्याच्या एफ-१ ला ही सवलत नाही. व्हिसाच्या मुलाखतीत 'शिकून तिथेच स्थायिक व्हायचंय' असं उत्साहाने सांगणारा विद्यार्थी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतो. वर विचारलेला चौथा प्रश्न, पुढे कुठे जाता येतं हा, इथे सर्वांत जास्त लागू पडतो.

दुसरी बाजू अशी की हा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की एच-१बीवाल्याला साधारण ६० दिवसांची मुदत असते. तेवढ्यात नवी कंपनी मिळवायची, दुसऱ्या प्रकारात जायचं, नाहीतर देश सोडायचा. ब्रिटनमध्येही साधारण तेवढाच काळ मिळतो. घरभाडं, मुलांची शाळा, गाडीचं कर्ज, सगळं या दोन महिन्यांवर टांगलेलं असतं. पगाराची घासाघीस करताना या टांगत्या तलवारीची किंमत कोणी धरत नाही. ती धरायला हवी.

नोकरी हातात नसताना जाण्याचेही मार्ग आहेत. जर्मनीचं चान्सनकार्ट १ जून २०२४ पासून मिळतं. शिक्षण, अनुभव, भाषा, वय यांचे मिळून किमान सहा गुण भरले की वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते, आणि तोवर आठवड्याला २० तास कामही. तिथे नोकरी लागली आणि पात्रता बसली की ईयू ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा युरोपीय संघातला परवाना. त्यावर जर्मनीत २७ महिन्यांत कायम वास्तव्य मिळू शकतं, आणि जर्मन भाषा बी-१ पातळीची असेल तर २१ महिन्यांत. भाषा शिकल्याचा इतका रोख मोबदला दुसऱ्या फार थोड्या देशांत मिळतो.

तरुणांसाठी वर्किंग हॉलिडे आहे. साधारण १८ ते ३० वयात वर्षभर फिरायचं आणि खर्चापुरतं काम करायचं. ज्या देशांचे आपसात करार आहेत त्यांच्याच नागरिकांना ते मिळतं. आणि डिजिटल नोमॅड व्हिसा. एस्टोनियाने तो २०२० मध्ये आणला, मग क्रोएशिया, पोर्तुगाल, स्पेन अशी रांग लागली. परदेशातून येणारं उत्पन्न दाखवायचं आणि समुद्रकिनारी बसून काम करायचं, अशी जाहिरात असते. कराचा मुद्दा त्या जाहिरातीत नसतो. अनेक देशांत वर्षातले १८३ दिवस राहिलात की तिथले करदाते ठरता.

नकार आला तर

नकार येणं ही गंभीर गोष्ट वाटते, पण कारण वाचून ते दूर करून पुन्हा अर्ज करता येतो. तो नकार लपवणं महागात पडतं. जवळपास प्रत्येक अर्जात 'पूर्वी कुठल्या देशाने व्हिसा नाकारला आहे का' हा प्रश्न असतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आपसात बोटांचे ठसे पडताळून पाहतात. खोटी माहिती दिल्याबद्दल कॅनडात पाच वर्षं, ब्रिटनमध्ये दहा वर्षं अर्ज करायची बंदी लागू शकते. अमेरिकेत तर कायमची. आणि खोटा कागद एजंटने परस्पर जोडला असला तरी अर्जावर सही तुमची असते. एजंट घ्यायचाच तर परवानाधारक घ्या. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये असे सल्लागार सरकारी नोंदवहीत असतात आणि त्यांचा नंबर ऑनलाइन तपासता येतो. अर्ज भरून झाला की त्याची पूर्ण प्रत मागून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. प्रत द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

राहायला

कायमचं राहण्याचे मार्ग ढोबळमानाने चार: नातं, कौशल्य, पैसा आणि आश्रय. शेवटचा निवडीने येत नाही, त्याचे नियमही वेगळे, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

नात्याचा मार्ग सर्वांत जुना. नवरा-बायको आणि लहान मुलं यांना जवळपास सगळीकडे अग्रक्रम असतो. पण भाऊ-बहीण किंवा लग्न झालेली मुलं यांच्यासाठी अमेरिकेत रांग आहे, आणि त्यात एका देशाच्या वाट्याला वर्षाच्या एकूण व्हिसांपैकी साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त येत नाहीत. मोठ्या लोकसंख्येच्या देशांना त्यामुळे वर्षानुवर्षं थांबावं लागतं. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डालाही हीच मर्यादा आहे.

कौशल्याच्या मार्गावर गुण मोजले जातात. ही कल्पना १९६७ मध्ये कॅनडाने आणली. आधी कोण कुठल्या देशातून येतो याला महत्त्व होतं, नंतर वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण मिळू लागले. आज कॅनडाची एक्सप्रेस एंट्री ही निवडपद्धत १,२०० पैकी गुण देते. वय तिशीपुढे सरकलं की गुण घसरतात, भाषेच्या परीक्षेत एक पायरी वर गेलात की भराभर वाढतात. २५ मार्च २०२५ पर्यंत नोकरीच्या ऑफरला ५० किंवा २०० गुण होते. त्या ऑफर विकत मिळू लागल्या होत्या, म्हणून ते गुणच काढून टाकले. माझ्या मते वय हातात नसतं, पदवी बदलायला वर्षं लागतात, त्यामुळे सगळा जोर भाषेच्या परीक्षेवर द्यावा.

पैशाचा मार्ग आता आक्रसतोय. ब्रिटनने गुंतवणूकदार व्हिसा २०२२ मध्ये बंद केला, आयर्लंडने २०२३ मध्ये, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये. पोर्तुगालने घर घेऊन व्हिसा मिळवण्याची वाट २०२३ मध्ये काढून टाकली, कारण घरांच्या किमतीवरून स्थानिक लोक संतापले होते. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय न्यायालयाने माल्टाची पैसे घेऊन नागरिकत्व देण्याची योजना बेकायदा ठरवली. पेन्शन किंवा भाड्याचं नियमित उत्पन्न असणाऱ्यांसाठी पोर्तुगालचा डी-७ सारखे व्हिसा मात्र अजून आहेत, आणि ते बरेच शांतपणे चालतात.

कायम वास्तव्य मिळालं तरी ते आपोआप टिकत नाही. कॅनडात पाच वर्षांत किमान ७३० दिवस राहावं लागतं. ग्रीन कार्डवाला परतीची परवानगी न घेता वर्षाहून जास्त बाहेर राहिला तर ते जाण्याची वेळ येते. त्यानंतरचं नागरिकत्व हा वेगळा निर्णय आहे, कारण काही देशांत नवा पासपोर्ट घेतला की जुना जातो. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व सर्वांना खुलं केलं. भारत, चीन, जपान ते मान्य करत नाहीत. शपथ घेण्याआधी नव्या देशाचे नियम सगळे वाचतात, जुन्या देशाचे फार थोडे. जमीनजुमला, मतदान, सरकारी नोकरी, आईवडिलांकडे कितीही दिवस येऊन राहण्याची मुभा, यातलं काय जाणार आणि काय राहणार हे जुन्या देशाच्या कायद्यात लिहिलेलं असतं.